चाक, पट्टा आणि चिखल

पावसाळ्यात पाणंदीच्या वाटेवर रुतलेली बैलगाडी आपण सर्वांनीच पाहिलेली असते. बैल जोर लावतात, माणसे चाकाला खांदा देतात, कोणीतरी फांद्या आणि दगड आणून चाकाखाली सारतो, आणि मग गाडी हलते. फांद्यांमुळे बैलांचे बळ वाढलेले नसते. गाडीचे वजन फक्त अधिक जागेवर पसरलेले असते. प्रस्तुत पाठाचा विषय या साध्या अनुभवापासून सुरू होतो. जमीन, चिखल आणि पाणी या तिन्ही ठिकाणी चालणाऱ्या उभयचर वाहनाला कोणता पट्टा बसवावा, हा तो विषय होय. वरवर पाहता हा प्रश्न यंत्रशाळेतला वाटेल. परंतु पूर येतो तेव्हा कोणत्या घरापर्यंत मदत पोहोचणार आणि कोणते घर तसेच राहणार, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते.

रणगाड्याच्या किंवा मोठ्या खोदयंत्राच्या दोन्ही बाजूंना चाकांभोवती फिरणारी जी अखंड माळ असते, तिला आपण येथे पट्टा म्हणू. बोलीभाषेत तिला 'चेन' म्हणतात. आपल्याकडे माती उपसणाऱ्या यंत्रांची नावेही या भेदावरूनच रूढ झाली आहेत. चाकांवर चालते ते 'जेसीबी' आणि पट्ट्यांवर चालते ते 'पोकलेन'. मुळात ही दोन्ही कंपन्यांची नावे, पहिली इंग्लंडमधली आणि दुसरी फ्रान्समधली. लोकांनी त्यांची सामान्यनामे करून टाकली आणि नकळत चाक व पट्टा यांतला फरकही भाषेत नोंदवून ठेवला.

कोवलमची भूमी

या विषयासाठी आपण चेन्नईजवळच्या कोवलमला जाऊ. केरळातील प्रसिद्ध कोवलम वेगळे. हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेले मच्छीमारांचे गाव आहे. गावाच्या उत्तरेस मुट्टुकाडूचे खाजण आहे आणि तेथे खाडीचे मुख समुद्राला मिळते. किनाऱ्याला समांतर जाणारा बकिंगहॅम कालवा या खाडीशी जोडलेला आहे. जलवाहतुकीसाठी इंग्रजी अमदानीत, १८०६ पासून, हा कालवा टप्प्याटप्प्याने खणला गेला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात चेन्नईतील अड्यार आणि कूवम या नद्यांना जोडणारा त्याचा भाग दुष्काळी कामावरच्या मजुरांनी खणला. तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव त्याला मिळाले. आज त्यावरून मालवाहू पडाव जात नाहीत. त्याचे खरे काम आता पुराचे पाणी वाहून नेण्याचे आहे.

चेन्नईच्या दक्षिण उपनगरांतील तलावांचे आणि पळ्ळीकरणै या पाणथळ प्रदेशाचे पाणी कालव्याच्या दक्षिण भागातून येऊन कोवलमच्या मुखाशी समुद्रात पडते. येथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. कोरड्या महिन्यांत लाटा वाळू आणून टाकतात आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध तयार होतो. कालव्यात गाळ साचतो, वर जलपर्णी पसरते. मुख अरुंद झाले आणि कालवा तुंबला, की पाण्याला जायला वाट उरत नाही व ते मागे उपनगरांत चढते. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी, चेन्नईकरांनी शहर पाण्याखाली गेलेले पाहिले. २०१५ साली किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या शहरात आणून लोकांना बाहेर काढले. त्या उपकाराची आठवण चेन्नईत अजून निघते.

परंतु होडीला होडीपुरते पाणी लागते. गुडघाभर पाणी, मध्येच उंच रस्ता, पुढे पुन्हा खोल खड्डा, अशा ठिकाणी ती टेकते आणि माणसांना ती उचलावी लागते. ट्रक तेवढ्याच पाण्यात बंद पडतो. होडीला उथळ आणि ट्रकला खोल असा जो मधला प्रदेश आहे, त्याच्यासाठीच उभयचर वाहन निर्माण झाले. कोवलमच्या परिसरात असा प्रदेश आपल्या सर्व रूपांत आढळतो. समुद्राची पुळण, वाळूचा बांध, खाजणातला मऊ गाळ, जलपर्णीने झाकलेला कालवा आणि डांबरी पूर्व किनारा मार्ग, हे सारे दोन-तीन किलोमीटरांच्या आत आहे.

दाबाचे गणित

साठ किलो वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा आहे. त्याच्या दोन तळव्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर धरू. साठला चारशेने भागले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.१५ किलो भार येतो. चालताना एक पाय उचललेला असल्याने हा दाब दुप्पट होतो. म्हणूनच ज्या चिखलात आपण उभे राहू शकतो, त्याच चिखलात पाऊल टाकताच पाय आत जातो.

आता मोटारगाडी घेऊ. टायर जमिनीवर साधारणतः आतल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. मोटारीच्या टायरात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो असतो. भारतीय सैन्यातील 'सारथ' हे उभयचर चिलखती वाहन मूळच्या रशियन बीएमपी-२ या वाहनावर आधारित असून ते तेलंगणातील मेदक येथे तयार होत आले आहे. त्याचे वजन सुमारे १४ टन. तरीही त्याचा जमिनीवरील दाब दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोपेक्षा कमी असतो. दीड टनाची मोटार जेथे रुतेल तेथून चौदा टनांचे हे वाहन निघून जाते, ते या रुंद पट्ट्यांमुळे. स्वीडनमध्ये बर्फ आणि दलदल यांच्यासाठी तयार झालेल्या जोडगाडीच्या वाहनांत तर चारही बाजूंना रुंद रबरी पट्टे असतात, आणि त्यांचा दाब उभ्या माणसाच्या दाबाच्या आसपास येतो. याच घराण्यातील वाहनांना 'सिंधू' हे नाव देऊन ती भारतीय सैन्यासाठी लार्सन अँड टुब्रो या कंपनीने बनवावीत, असा करार २०२५ साली झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पट्टा हाच एकमेव उपाय नव्हे. टायर अवाढव्य केला आणि त्यातली हवा अगदी कमी ठेवली, तर तोही पसरतो आणि पट्ट्याचे काम करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबातील पुरात सैन्याने माणसाच्या उंचीच्या टायरांची उभयचर वाहने वापरली होती. कोकणातला शेतकरी चिखलणीच्या वेळी पॉवर टिलरची रबरी चाके काढून लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतो, त्यामागेही जमिनीला साजेसे पाऊल देण्याचाच विचार आहे. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने आराखडा केलेले चिलखती उभयचर वाहन आठ चाकांचे आहे. तेथे रस्त्यावरच्या वेगाला महत्त्व दिले गेले.

पाठगत प्रश्न : ऐंशी किलो वजनाचा माणूस वीस किलोचे पोते पाठीवर घेऊन त्याच चिखलात उभा राहिला, तर दाब किती होईल? तोच माणूस एका फळीवर उभा राहिला तर काय बदलेल?

वाळू आणि चिखल

दाब कमी केला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. वाहन बुडू नये हा अर्धा प्रश्न. ते पुढे सरकावे हा दुसरा अर्धा. येथे वाळू आणि चिखल यांचे स्वभाव वेगळे पडतात.

ओला चिखल मुठीत दाबा. तो एकमेकांना चिकटून राहतो. चिखलाची ताकद त्याच्या चिकटपणात असते आणि ती वरच्या वजनाने फारशी वाढत नाही. म्हणून चिखलात जितकी अधिक जागा पट्ट्याखाली येईल, तितकी पकड अधिक. आता कोरडी वाळू मुठीत घ्या. ती बोटांतून निसटते. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणावरच तिची ताकद असते. वरून वजन आले की ती घट्ट होते. म्हणजे वाळूवर केवळ पट्टा रुंद करून फार लाभ होत नाही. उलट पट्ट्याचे उंच दाते वाळू उकरतात आणि वाहन स्वतःसाठी खड्डा खणत बसते. चालकाने घाबरून वेग वाढवला, तर हा खड्डा अधिक वेगाने खणला जातो.

जमीन आणि वाहन यांच्या या नात्याचे शास्त्र पोलंडमध्ये जन्मलेल्या एम. जी. बेकर या अभियंत्याने मांडले. त्याचा मुख्य ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे १९७१ साली चंद्रावर चाललेल्या गाडीच्या चाकांमागेही त्याचा विचार होता. बेकरने दाखवून दिलेली एक गोष्ट निवडीच्या वेळी फार उपयोगी पडते. क्षेत्रफळ तेवढेच ठेवायचे असेल, तर आखूड व रुंद पट्ट्यापेक्षा लांब व अरुंद पट्टा मऊ जमिनीत कमी अडतो, कारण पुढे सरकताना त्याला कमी रुंदीचा चिखल दाबून वाट करावी लागते. मग पट्टा वाटेल तेवढा लांब का करू नये? कारण वाहनाला वळावेही लागते. पट्ट्याचे वाहन वळते तेव्हा एका बाजूचा पट्टा हळू आणि दुसऱ्या बाजूचा जलद फिरतो आणि दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात. पट्टे दोहोंमधल्या अंतराच्या मानाने फार लांब झाले, तर वाहन सरळ जाईल पण वळणार नाही. कालव्यासारख्या अरुंद जागेत ही मोठीच अडचण ठरते.

पाण्यातला पट्टा

पाण्यात पट्टा वल्ह्याचे काम करतो. पण त्यात एक विचित्र गुंता आहे. पट्ट्याचा खालचा भाग मागे जातो, पाणी मागे ढकलतो आणि वाहन पुढे सरकते. त्याच क्षणी पट्ट्याचा वरचा भाग पुढे जात असतो. तोही पाण्यात असेल, तर तो पाणी पुढे ढकलतो, म्हणजे वाहनाला मागे लोटतो. दोन वल्हेकऱ्यांनी एकाच होडीत विरुद्ध दिशांनी वल्ही मारावीत, तसा हा प्रकार. म्हणून वरच्या भागावर पत्र्याचे आच्छादन घालून तेथील पाणी अडवावे लागते. सारथसारख्या वाहनांच्या पट्ट्यांवर अशी आच्छादने असतात. एवढे करूनही त्याचा पाण्यातला वेग ताशी ७ किलोमीटरांच्या आसपासच राहतो.

दात्यांच्या आकाराने किती फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत घडले. फ्लोरिडा प्रांतात १९२८ साली आलेल्या चक्रीवादळाने ओकीचोबी सरोवराच्या परिसरात मोठी प्राणहानी झाली. दलदलीत अडकलेल्यांपर्यंत होडी पोहोचत नव्हती आणि मोटारही. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या रोब्लिंग घराण्यातील डोनाल्ड रोब्लिंग याने अशा बचावकार्यासाठी १९३५ च्या सुमारास ॲल्युमिनियमचे एक वाहन तयार केले आणि त्याला 'ॲलिगेटर' म्हणजे सुसर असे नाव दिले. जमिनीवर ते चांगले धावले, परंतु पाण्यात त्याचा वेग ताशी चार किलोमीटरही भरेना. पट्ट्यावर सरळ आडव्या फळ्या बसवल्या होत्या. त्याने वाहनाचे वजन घटवले, पट्ट्याची मांडणी बदलली आणि फळ्या तिरप्या व वक्र केल्या. १९३७ पर्यंत पाण्यातला वेग ताशी सुमारे १४ किलोमीटरांवर गेला. लोकांना वाचवण्यासाठी जन्मलेले हे वाहन पुढे युद्धाने उचलले. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातील तारावा बेटावर ओहोटीमुळे होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना गोळीबारात पाण्यातून चालत जावे लागले. पट्ट्यांची वाहने मात्र तो कडा ओलांडून किनाऱ्याला लागली.

पाण्यात वेगाने जायचे असेल, तर पट्ट्यावर विसंबण्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारी यंत्रणा बसवता येते. १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्याने पूर्व आघाडीवर वापरलेल्या पीटी-७६ या हलक्या रणगाड्यात ती होती. कोवलमच्या कालव्यात मात्र ही सोय घातक ठरेल. जलपर्णीचे देठ झोताच्या नळीत आणि पंख्याच्या पात्यांत गुंततात. पट्टा तीच वनस्पती तुडवून पुढे जातो. तो संथ असला, तरी तेथे तोच भरवशाचा.

रबर, पोलाद आणि प्लॅस्टिक

लहान उभयचर वाहने सहा किंवा आठ चाकांची असतात. कॅनडात १९६७ पासून बनणारी 'आर्गो' ही त्यांतली सर्वपरिचित. या वाहनांत चाके तशीच ठेवून त्यांवरून पट्टा चढवता येतो. पट्ट्याने दाब कितीतरी कमी होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. पट्ट्याचे वजन वाढले म्हणजे वाहन पाण्यात अधिक बुडते आणि पाण्यावर राहिलेला काठ कमी होतो. वळताना यंत्रावर अधिक ताण पडतो. सर्व टायरांत हवा सारखी नसेल, तर एक चाक लहान व दुसरे मोटे होऊन पट्टा ओढला जातो, झिजतो किंवा निसटतो. भर चिखलात निसटलेला पट्टा पुन्हा चढवणे हे काम किती कष्टाचे, याची कल्पना ट्रॅक्टरचे चाक शेतात बदललेल्या कोणालाही येईल.

प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा पट्टा हलका असतो आणि पाण्यात चांगला वल्हवतो. डांबरी रस्त्यावर आणि खडकावर तो लवकर झिजतो. अखंड रबरी पट्टा रस्ता उखडत नाही, आवाज कमी करतो. पण फाटला, तर गावातल्या कारागिराकडून सांधून घेता येत नाही. पोलादी पट्टा चिखलात दाते रोवतो, त्याचा तुटलेला दुवा बदलता येतो. मात्र तो जड असतो, रस्त्याची साल काढतो आणि खाऱ्या पाण्यात गंजतो. सागरी वाळू सांध्यांत शिरून घासकागदासारखे काम करते. म्हणून खाडीतून परतलेले वाहन गोड्या पाण्याने धुणे हा चालकाच्या रोजच्या कामाचा भाग असतो. माझ्या मते खरेदीच्या वेळी यंत्राच्या अश्वशक्तीची चौकशी होते तितकी धुण्याच्या पाण्याची होत नाही, आणि यंत्रे मरतात ती बहुधा तेथेच.

गाळ उपसण्यासाठी निराळ्या जातीची यंत्रे असतात. त्यांत पोकलेनचा वरचा भाग दोन लांब, पोकळ पोलादी पेट्यांवर बसवलेला असतो आणि पेट्यांभोवती साखळ्या व आडव्या पट्ट्या फिरतात. पेटीच तरते आणि पेटीच पाऊल होते. मऊ गाळासाठी याहून चांगले पाऊल नाही. पण असे यंत्र रस्त्यावर चालत नाही. त्याला मोठ्या वाहनावर चढवून न्यावे लागते आणि पूर आल्यावर रस्तेच बंद होतात. चेन्नई महानगरपालिकेने कालव्यांतील जलपर्णी आणि गाळ काढण्यासाठी उभयचर यंत्रे वापरली आहेत. त्यांचे खरे मोल पावसाआधीच्या महिन्यांत आहे. सप्टेंबरात मोकळा झालेला कालवा डिसेंबरातील कितीतरी होड्यांचे श्रम वाचवतो.

निवड

कोवलमसाठी मग काय निवडावे? कालवा आणि खाजण यांसाठी हलके वाहन, लांब व रुंद रबरी पट्टे, दाते बेताच्या उंचीचे. रस्ता ओलांडावा लागतो म्हणून पोलाद नको, आणि जलपर्णी आहे म्हणून पंखाही नको. समुद्राच्या लाटांत मात्र असे वाहन घालू नये. त्याचा काठ पाण्यावर वीतभर राहतो आणि फुटणारी लाट ते भरून टाकते. लाटेतून बाहेर पडण्याची विद्या कोवलमच्या मच्छीमारांची आहे. त्यांच्या पूर्वजांनी ओंडके बांधून केलेल्या 'कट्टुमरम्'पासूनच जगाला कॅटामरान हा शब्द मिळाला.

पुळणीवर आणखी एक मर्यादा येते. साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे या किनाऱ्यावर अंडी घालतात, जशी ती आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला घालतात. अंडी सुमारे हातभर खोल वाळूत असतात आणि पिले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. दाब कितीही कमी असला, तरी त्या महिन्यांत पट्ट्याने पुळण टाळावी.

हीच निवड कोकणातल्या खाडीसाठी चालणार नाही. चेन्नईला भरती-ओहोटीतील फरक सुमारे एक मीटरचा, तर मुंबईला तो उधाणाच्या दिवशी चार ते पाच मीटरांपर्यंत जातो. आपल्या खाड्यांत ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि सहा तासांनी त्यावरून होडी जाते. तेथे पट्ट्याला तरण्यापेक्षा चिखलावर चालण्याचे काम अधिक. शिवाय खारफुटीच्या झाडांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात. उंच पोलादी दाते ती मोडून टाकतात.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. उभयचर वाहनाची खरी कसोटी पाण्यात नसते, पाण्यातून बाहेर येताना असते. त्या क्षणी वाहन अर्धे तरंगत असते, पट्ट्याचा फक्त पुढचा टोकाचा भाग काठाला टेकलेला असतो, आणि जो भार पकड देणार तो अजून पाण्यानेच उचललेला असतो. समोर चढ असतो आणि पट्ट्यांबरोबर आलेल्या पाण्याने तो निसरडा झालेला असतो. बकिंगहॅम कालव्याचे काठ काही ठिकाणी भिंतीसारखे सरळ आहेत. तेथे कोणताही पट्टा उपयोगाचा नाही. म्हणून वाहन विकत घेण्यापूर्वी, कोरड्या दिवसांत, काठाने पायी चालून उताराच्या जागा शोधाव्या लागतात, मोजाव्या लागतात, आणि जेथे उतार नाही तेथे दगड-मुरुमाचा उतार बांधून घ्यावा लागतो.

स्वाध्याय

१. वाळूवर पट्ट्याचे उंच दाते का उपयोगी पडत नाहीत, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. रोब्लिंगने 'ॲलिगेटर'मध्ये केलेले बदल आणि त्यांचा परिणाम सांगा.

३. तुमच्या परिसरातील एखादी नदी, खाडी किंवा तलाव निवडा. पावसाळ्यात तेथे मदत पोहोचवायची असेल, तर वाटेत कोणकोणती जमीन लागेल ते क्रमाने लिहा आणि चाक घ्याल की पट्टा, हे कारणांसह ठरवा.